शिबिराच्या आधी घरोघरी बोलायला हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावोगाव कर्करोग तपासणीची शिबिरे होतात, उद्घाटनाचे फोटोही छापून येतात. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालतो त्यांपैकी कितीतरी बाया ‘मला काही दुखत नाही, मग कशाला तपासायचं?’ असे म्हणून घरीच थांबतात आणि आपण त्यांच्या अडाणीपणाला बोल लावून मोकळे होतो. धाराशिव जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून काम केल्यामुळे हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

आमच्याच भागाचा इतिहास वेगळे सांगतो. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी १९८७ साली कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणारी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. तिचे कर्मचारी गावांत पुन्हा पुन्हा जात, लोकांना एकत्र बसवून लक्षणे समजावून सांगत. पुढे असे दिसून आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. त्यानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणीची (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीची) सोय झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. याच बायाबापड्यांनी हे घडवले, हे विसरता कामा नये.

बाई तपासणीला येत नाही त्यामागे बहुधा भीती असते. गाठ निघाली तर मुलीचे लग्न अडेल, तपासायला गाठीचा तुकडा काढला की रोग पसरतो, ताटवाटी वेगळी ठेवतील, खर्चापायी रान विकावे लागेल, अशा या भीती आहेत आणि फलक वाचून त्यांतली एकही जात नाही. ओसरीवर बसून बोलले, सासूला आणि नवऱ्यालाही सामील करून घेतले, तरच त्या बोलून दाखवल्या जातात. तपासणी म्हणजे गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचे, पांढरा डाग दिसला तरी तो कर्करोगच असतो असे नाही, आणि कर्करोगाआधीचा बदल असेल तर बहुतेक वेळा साध्या उपचाराने तो काढता येतो, एवढे शांतपणे सांगितले की ‘मग उद्या येते’ म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

मिश्रीचेही तसेच. सकाळी चुलीपाशी बसून डबीतली मिश्री दातांना लावणाऱ्या बाईला हे व्यसन वाटतच नाही. दात घासणेच वाटते. आज्जीपासून चालत आलेली ही सवय तंबाखूचीच आहे आणि तोंडातला न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा दाखवायलाच हवा, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. गुटखाबंदीच्या चर्चेत मिश्रीचे नावही निघत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तिशीनंतरच्या सर्वांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. परंतु आशाताईंवर आधीच इतकी कामे लादलेली आहेत की एका घरी अर्धा तास बसणे त्यांना परवडत नाही. शिबिराच्या आधीच्या आठवड्यात केवळ या गृहभेटींसाठी त्यांना वेळ आणि वेगळे मानधन मिळावे, तसेच तपासणीत दोष आढळलेली प्रत्येक बाई पुढच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली की नाही याची नोंद ठेवण्याची जबाबदारी ठरवून द्यावी, अशी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे. आपल्या दैनिकानेही शिबिराची तारीख व ठिकाण आधी छापावे आणि महिन्याभराने, किती जणींवर उपचार सुरू झाले, हे विचारावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. धाराशिव