बागेतलं कारंजं सुरू करण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण सोसायटी,
करंजाळे, तिसवाडी, गोवा

विषय : बागेतल्या तळ्यातलं हिरवं पाणी, मोरचूद आणि कारंजं

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

लिफ्टजवळच्या फळ्यावरची नोटीस वाचली. शनिवारी तळ्यात मोरचूद (म्हणजे तांब्याचं क्षार, कॉपर सल्फेट) टाकायचं आणि रविवारपासून रोज संध्याकाळी कारंजं चालवायचं, म्हणजे पाणी खेळतं राहील आणि वास जाईल, असा बेत दिसतो. तो थांबवावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथे सध्या पार्किंगचं महाभारत चालू आहे.

तळ्यावरचा तवंग आपण जवळून पाहिला असेल. काठी फिरवली तर धागे गुंडाळून येत नाहीत, हिरवा रंग कालवल्यासारखं पाणी तेवढं हलतं. दुपारी खारे वारे सुटले की तो तवंग बी विंगच्या कोपऱ्यात जाऊन साचतो. धाग्यांचं साधं शेवाळ असतं तर मला एवढी चिंता वाटली नसती. हे लक्षण सायनोबॅक्टेरियाचं, म्हणजे ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात त्याचं आहे. त्याच्या सगळ्याच जाती विषारी नसतात आणि विषारी जातही दर वेळी विष तयार करतेच असं नाही. मात्र कुठलं पाणी विषारी आणि कुठलं नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. या विषांपैकी मायक्रोसिस्टिन सर्वांत जास्त आढळणारं. ते यकृतावर जातं आणि पाणी उकळूनही नाहीसं होत नाही. पिण्याच्या पाण्यात ते कायम किती चालेल, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम.

‘पण ते पाणी पितंय कोण?’ असं आपले सचिव परवा जिन्यात म्हणाले. रास्त प्रश्न आहे. कोणी पीत नाही, पण कारंजं लावलं की सगळे ते श्वासातून घेणार.

बुडबुडा फुटतो किंवा पाण्याची धार आपटते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत उडतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर जे काही तरंगत असतं ते त्यांच्याबरोबर वर जातं. याचा सर्वांत सखोल अभ्यास समुद्राच्या बाबतीत झाला आहे, अमेरिकेतल्या फ्लोरिडात. तिथल्या किनाऱ्यावर कॅरेनिया ब्रेविस नावाच्या सूक्ष्म जीवाची लाट येते, म्हणजे तो एकाएकी बेसुमार वाढतो. त्याला कवच नसतं, त्यामुळे समुद्राच्या लाटांच्या आपटण्याने तो फुटतो आणि त्यातलं ब्रेव्हेटॉक्सिन तुषारांवर बसून गावात शिरतं. वारा समुद्रावरून असला तर किनाऱ्यापासून चार किलोमीटरहून थोडं अधिक आतपर्यंत ते सापडलं आहे. हे विष मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि श्वासनलिकेचे स्नायू आवळले जातात. धडधाकट माणसाचे डोळे चुरचुरतात, खोकल्याची ढास लागते, आणि किनारा सोडला की बहुधा आराम पडतो. दमेकऱ्यांचं तसं नाही. तासभर तिथे फिरून आल्यावर त्यांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजली तर आकडे उतरलेले दिसले आणि त्रास पुढे काही दिवस राहिला.

मी नोकरीतली बरीच वर्षं लोकांना त्याच यंत्राच्या नळीत फुंकायला लावण्यात घालवली. ‘अजून, अजून, अजून’ असं ओरडून माझाच घसा बसायचा. त्या आकड्यातली थोडी घट कागदावर किरकोळ दिसते. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती किरकोळ नसते. फ्लोरिडातल्याच सारासोटा भागात २००१ साली अशी लाट असताना किनाऱ्याजवळच्या रहिवाशांचं श्वासाच्या तक्रारींसाठी तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण लाट नसलेल्या २००२ मधल्या त्याच काळापेक्षा ५४ टक्के जास्त होतं. इटलीत जेनोव्हाच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा दुसराच सूक्ष्म जीव माजला, तेव्हा सुमारे २०० माणसं ताप, खोकला आणि धाप घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांतले कित्येक पाण्यात उतरलेही नव्हते.

आपल्या समोरच्या समुद्राचं भय घालायला मी हे लिहीत नाही. गोव्याच्या किनाऱ्याला फेब्रुवारी ते मे दरम्यान लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे दिसतात ते बहुधा ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म जीवाचे असतात, आणि रात्री लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिलुका वेगळा. दोघेही फ्लोरिडातल्या त्या जीवाचे सख्खे भाऊ नव्हेत. तरी सप्टेंबर २००४ मध्ये केरळात कोल्लम ते विळिंजम या पट्ट्यात शेवाळाच्या लाटेनंतर असह्य दुर्गंधी सुटली आणि मळमळ, छातीत दुखणं, धाप अशा तक्रारींसाठी दोनशेहून अधिक लोकांना, विशेषतः मुलांना, उपचार घ्यावे लागले, हे लक्षात असलेलं बरं.

आता गोड्या पाण्याकडे, कारण आपलं तळं गोड्या पाण्याचं. इंग्लंडात १९८९ मध्ये रडयार्ड जलाशयात सैन्यातल्या नवशिक्या पोरांनी अशाच हिरव्या पाण्यात होड्या उलटवण्याचा आणि पोहण्याचा सराव केला. त्यांतल्या दोघांना न्यूमोनिया झाला. २००७ च्या जानेवारीत अर्जेंटिनात एका धरणावर पाण्यातली स्कूटर चालवणारा १९ वर्षांचा मुलगा अशा तवंगात पडला. काही दिवसांत त्याला श्वास घेणं कठीण झालं आणि मग यकृतही बिघडलं. तो बरा झाला. हे दोन्ही प्रसंग तोंडानाकात पाणी जाण्याचे आहेत, बाकावर बसून तुषार अंगावर घेण्याचे नाहीत, हे मी मान्य करते. पण २०१८ साली फ्लोरिडात कालवे हिरवे झाले होते तेव्हा काठच्या माणसांच्या नाकातून पुसून घेतलेल्या नमुन्यांतही मायक्रोसिस्टिन मिळालं. शिवाय या जीवाच्या आवरणातले काही घटक विष नसतानाही श्वासमार्ग चाळवतात. आपलं कारंजं बी विंगच्या पश्चिमेला, त्याला लागून मुलांचा झोपाळा आणि समोर आजी-आजोबांचे बाक. संध्याकाळचा वारा तिकडेच वाहतो. बी विंगच्या तळमजल्यावर इन्हेलर वापरणारी माणसं किती आहेत, हे समितीने एकदा विचारून पाहावं.

मोरचुदाचं प्रकरण मला त्याहून गंभीर वाटतं. बागेचा कंत्राटदार ‘दोन दिवसांत पाणी आरशासारखं’ म्हणतो ते खोटं नाही. पेशी मरतात आणि पाणी स्वच्छ दिसतं. पण विष बहुतांशी पेशीच्या आत असतं आणि पेशी फुटली की ते सगळं एकदम पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ मध्ये धरणाच्या पाण्यातलं शेवाळ मारायला नेमकं मोरचूदच टाकलं होतं. त्यानंतर ते पाणी प्यायलेले १४८ जण आजारी पडले, आणि त्यांत बहुतेक लहान मुलं होती. म्हणजे आपल्या नोटिशीचा क्रम असा होतो : शनिवारी विष मोकळं करायचं, रविवारी ते उडवायचं. वर तळ्यातले गप्पी मासे तांब्याने मरतील, आणि ते मेले की पहिल्या पावसाबरोबर डास आलेच. तळ्याचं जास्तीचं पाणी सांडपाण्याच्या प्रकल्पात जातं, तिथल्या उपयोगी जिवाणूंनाही तांबं मानवत नाही.

त्यापेक्षा तळं उपसावं. ते सिमेंटचं आहे, काही सरोवर नव्हे. मासे आधी टबात काढून घ्यावेत. मोटरीने पाणी सावकाश प्रकल्पाकडे सोडावं, तेही तो चालवणाऱ्या माणसाला विचारून. पावसाळी गटारात सोडलं तर थेट समुद्रात जाईल. तळाचा गाळ ओला असतानाच ब्रशने घासून काढावा. वाळू दिला तर त्याची धूळ होईल, आणि पाण्याच्या प्रेशरची बंदूक लावली तर कारंज्याचंच काम तिने केल्यासारखं होईल. काम सकाळी लवकर, वारा पडलेला असताना व्हावं. माळीकाकांना एन-९५ मास्क आणि कोपरापर्यंतचे हातमोजे सोसायटीने द्यावेत. दर वेळी सगळ्यांत जवळ तेच असतात आणि नोटिशीत त्यांचा उल्लेख कधीच नसतो.

मूळ कारणही आपल्याच घरातलं आहे. तळं आपण प्रकल्पाच्या शुद्ध केलेल्या पाण्याने भरतो. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस उरतातच. त्यावर गुलमोहराची पानं आणि माशांना रोज घातले जाणारे पावाचे तुकडे. मेच्या उन्हात शेवाळाला याहून वेगळं काय लागतं? जुलैत गच्चीवरच्या पन्हाळीचं पाणी वळवून तळं भरलं तर चवथीच्या विसर्जनापर्यंत ते स्वच्छ मिळेल. तोवर ते कोरडं राहिलं तरी कोणाचं काही अडत नाही.

उपसण्याआधी एका बाटलीत पाण्याचा नमुना मी घेऊन ठेवेन. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकारी बाई तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जात सांगू शकतील. विषाची तपासणी वेगळी असते आणि तिला पैसे पडतात. तळं रिकामंच करणार असू तर तो खर्च मला तरी अनावश्यक वाटतो.

शनिवारचं काम थांबवल्याची नोटीस शुक्रवार संध्याकाळपर्यंत फळ्यावर लागावी, कारण कंत्राटदाराची माणसं सकाळी सातलाच येतात.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, पहिला मजला