अर्ज भरलाय, मागे घेणार नाही

आई, बाबा,
सप्रेम जयभीम.

हे फोनवरच सांगणार होते. दोनदा लावला पण, दोन्ही वेळा आईनं आधी 'जेवलीस का' विचारलं आणि पुढचं माझ्या तोंडातून निघालंच नाही, म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, पण आधी घोटभर पाणी प्या. मी ग्रामपंचायतीला उभी राहतेय. आपल्याच वॉर्डातून, सदस्यपदाला. छाननीत अर्ज वैध ठरलाय, मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत आहे आणि मामा हे पत्र घेऊन तुमच्याकडे पोचेल तोवर ती संपलेली असेल. हे मुद्दाम केलंय, त्याबद्दल रागवा, पण तेवढ्याबद्दलच.

तुमच्या डोळ्यांसमोर आता काय येणार मला माहितीये. बाबा उभे राहिले त्या वर्षी अंगणात जे झालं ते मीही बघितलंय, आईच्या पदराआडून, आणि त्यानंतर आपल्या घरात निवडणूक हा शब्दच कुणी काढला नाही. पण आता मी एकटी नाहीये हो. बचत गटाच्या नऊजणी सोबत फिरतात, अंधार पडल्यावर मी कुठे जात नाही, रात्री मावशी झोपायला येते, मागच्या दाराला नवी कडी बसवलीय. जेवण वेळेवर होतंय, मावशी भाकरी संपेपर्यंत समोरून उठत नाही.

खरं अडलंय ते वेगळंच. ते घरी आले होते, कोण ते तुम्हाला कळलं असेलच. गाव बिनविरोध करायचंय म्हणाले, नावं ठरलीत म्हणाले, आणि जाताना दारात थांबून म्हणाले की वडिलांच्या बायपासच्या वेळी रात्री दोनला गाडी कुणी काढली होती ते आठव. बाबा, मी हात जोडले. म्हटलं ते जन्मात विसरणार नाही. आणि खरंच विसरणार नाही, त्या रात्री ती गाडी मिळाली नसती तर हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं. पण त्याची परतफेड मी वॉर्डातल्या लोकांच्या मतांनी कशी करू? ती मतं माझी आहेत का द्यायला? बिनविरोध म्हटलं की सगळ्यांनी मिळून ठरवलं असं वाटतं, इथे तर पाण्याच्या टाकीपलीकडच्या एकाही घरात कुणी विचारायला गेलं नव्हतं, मी स्वतः घरोघर जाऊन विचारलं.

आणि हे मला शिकवलं कुणी? मी सातवीत होते, १४ एप्रिल, विहारासमोरचं स्टेज, आईनं शिवलेला निळा फ्रॉक. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण तुम्ही महिनाभर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंत. माणूस कितीही मोठा असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा इशारा त्यांनी सांगितला तिथपर्यंत मी आले आणि पुढचं साफ विसरले. तुम्ही पहिल्या रांगेत बसून नुसते ओठ हलवलेत. ज्यांनी देशासाठी आयुष्य घातलं त्यांच्याबद्दल कृतज्ञ असण्यात काही चूक नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते. ते वाक्य होतं! त्याच्यापुढे तो आयरिश देशभक्त ओकॉनेल, की स्वाभिमान देऊन कुणी कृतज्ञ राहू शकत नाही आणि स्वातंत्र्य देऊन कुठलाही देश राहू शकत नाही. तेव्हा मोठी माणसं म्हणजे दिल्लीतली असं वाटायचं. परवा ते दारात उभे होते तेव्हा कळलं की हे आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं. धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी संविधान स्वीकारायच्या आदल्या दिवशी सांगितलं, सभागृह त्यांचं कौतुक करत होतं तेव्हा. मसुदा समितीतल्या सातजणांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत, सगळा भार यांच्यावर पडला हे संविधान सभेचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहात बोलून दाखवलं होतं, आणि त्यात अंगात मधुमेह. म्हणून तुम्ही मात्र शुगरची गोळी चुकवायची नाही, कळलं ना?

आई म्हणेल, हरलीस तर. हरेन. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत हरले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. बाबा, हे सांगताना तुम्ही दरवेळी मध्येच गप्प व्हायचात आणि मला वाटायचं तुम्हाला पुढचं आठवत नाहीये.

आई, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येते म्हटलं होतं आणि नेमकं तेव्हाच मतदान आलंय. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय, बाकी कशाचं नाही. वहिनीनं रजा काढलीय. थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, चुलीपुढे तर अजिबात बसायचं नाही, आणि बाथरूमसमोरचं ते पायपुसणं आजच काढून टाक, घसरतं ते. मतमोजणी झाली की दुसऱ्याच दिवशी मी येते, तुझ्याच खोलीत खाली गादी टाकून झोपेन, लहानपणी ताप आला की झोपायचे तशी.

बाबा, तुम्ही इथे यायचं नाही. प्रचाराला नाही, मतदानाला पण नाही. जिना चढायला डॉक्टरांनी मनाई केलीय तिथे एसटीचा प्रवास कसला करताय. फक्त एक करा. कपाटात वरच्या फळीवर तुमची ती जाड वही आहे, ज्यात हे भाषण उतरवून घेतलंय. मामा शनिवारी परत यायला निघेल, त्याच्याजवळ द्या. वॉर्डात सभा घ्यायचीय आणि त्या वाक्यापाशी मला अजूनही भीती वाटते.

तुमची,
छोटी