पोरांना आकाश दाखवशील तेव्हा

कोल्हापूर,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. राधिका,
अनेक आशीर्वाद.

२६ जानेवारीच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पोरांना आकाश दाखवायचं ठरवलंस हे कळल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तुझा मामा येत्या शनिवारी गाडी घेऊन गारगोटीला येणार आहे, त्याच्याबरोबर दुर्बीण पाठवतोय. नळी घोंगड्यात गुंडाळली आहे, बूड वेगळं काढलंय, आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, डब्यात आहेत. फोनवर रेंज जाते आणि निम्मं सांगायचं राहतं, म्हणून हे सगळं लिहूनच काढतो.

तारीख उत्तम निवडलीस. तुझ्या गुरुजींचं म्हणणं की अमावास्या गाठावी, म्हणजे १८ तारीख. जाणत्या माणसांसाठी ते बरोबर आहे. पण जी पोरं पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावणार, त्यांच्यासाठी अष्टमीच्या चंद्रासारखं दुसरं काही नाही. २६ ला बरोबर अर्धा चंद्र आहे. काल पौर्णिमेचा चंद्र गच्चीवरून बघितला, शेजारीच गुरू होता, दिसायला देखणं. पण दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, कारण तिथं ऊन समोरून पडतं आणि सावल्याच नसतात. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमा असते तिथं नुकता सूर्य उगवत असतो. विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात. सीमेच्या पलीकडे, अंधारात, एखादा एकटाच उजळ ठिपका दिसतो. तो डोंगराचा माथा. त्याला ऊन लागलंय, पायथ्याला अजून रात्र आहे. पोरांना तो ठिपका शोधायला लाव आणि दीड-दोन तासांनी तोच पुन्हा दाखव. चंद्राच्या विषुववृत्ताजवळ ही सीमा तासाला सुमारे १५ किलोमीटर सरकते, त्यामुळे तेवढ्यात माथ्याखालचा उतारही उजळायला लागलेला असतो. दुसऱ्या जगावर होणारी सकाळ पोरांना डोळ्यांदेखत बघायला मिळते.

आता खरं सांगायचं ते सांगतो. आपल्या गच्चीवर इतकी वर्षं कॉलनीतली, पाहुण्यांतली, कारखान्यातली माणसं आली. प्रत्येक जण आयपीसला डोळा लावतो, दोन सेकंदांत मान वर काढतो आणि म्हणतो, "दिसलं, छान आहे." पुष्कळांना काहीही दिसलेलं नसतं. शनी केव्हाच नजरेच्या बाहेर सरकून गेलेला असतो, तरी "दिसला" म्हणतात. मागे रांग असते, दाखवणाऱ्याचं मन मोडायचं नसतं, आणि आपल्यालाच कळत नाही असं वाटायची लाज असते. पोरांना तर ही लाज मोठ्यांपेक्षा जास्त. बाईंनी "दिसलं का?" विचारलं की चाळीसच्या चाळीस पोरं "दिसालंय की!" म्हणणार. म्हणून राधिका, तो प्रश्न विचारूच नकोस. ज्याचं उत्तर बघितल्याशिवाय देता येत नाही, असाच प्रश्न विचार.

गुरूसाठी असा प्रश्न आयताच आहे: "मोठ्या गोळ्याच्या कुठल्या बाजूला किती ठिपके आहेत?" ते ठिपके म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र. कधी तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या, कधी दोन-दोन, कधी एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला. उत्तर शेजाऱ्याकडून ऐकता येतं, म्हणून प्रत्येकाने वहीत ठिपके काढायचे आणि मगच दाखवायचे. उजवं-डावं उलट आलं तरी दुरुस्त करू नकोस, आपल्या दुर्बिणीत चित्र उलटंच दिसतं. गॅलिलिओने हेच केलं होतं. ७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, ते त्याने कागदावर काढले, पुढच्या रात्री जागा बदललेली दिसली, आणि १३ तारखेला चौथा सापडला. सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे साडेसातला काढलेलं चित्र साडेनऊच्या चित्राशी जुळेलच असं नाही. एखादं पोरगं येऊन म्हणेल, "बाई, माझं चुकलंय, आता वेगळं दिसालंय." त्या पोराला जवळ घे आणि दोन्ही चित्रं सगळ्यांना दाखव.

हिशेबही करून बघ. चाळीस पोरं, प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे एकच गोष्ट दाखवायला चाळीस मिनिटं. दोन तासांत तीन गोष्टी होतात. चंद्र आणि गुरू धरून चाल. तिसरी हवी तर मृगातला तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग. यादी वाढवायचा मोह होईल, गावातली मोठी माणसंही "शनी दाखवा की" म्हणतील. शनी पश्चिमेला आहे, साडेआठनंतर खाली जातो. पण पुस्तकातल्या चित्रासारखी कडी यंदा दिसणार नाहीत हे त्यांना आधी सांग. गेल्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे सध्या आपण ती जवळजवळ कडेवरून बघतोय. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरच्याही आत. मग काय दिसणार, गोळ्यात आरपार खोचलेली सुई. मला स्वतःला ती सुई फार आवडते. पण ती कळायला आधी उघडी कडी बघितलेली असावी लागतात. पोरांना शनी दोन-तीन वर्षांनी दाखव, तोवर कडी चांगली उघडलेली असतील.

दुर्बीण सहाला, दिवस मावळायच्या सुमारास बाहेर काढून ठेव. खोलीतला आरसा गरम असतो, त्याच्यावरून ऊन हवा उठत राहते आणि सगळं चित्र उकळल्यासारखं हलतं. अर्ध्या तासात तो बाहेरच्या हवेइतका गार होतो. गाडीत हादरे बसले असणार, तेव्हा आरसे जुळलेत का ते आदल्या दिवशी बघ. मोठ्या आरशाच्या मधोमध मी फायलीच्या भोकाला लावतात ती गोल रिंग चिकटवली आहे. आयपीस काढून तो बसतो त्या नळकांड्यातून, फोकसरमधून, डोकावलंस की ती रिंग बरोबर मध्यावर दिसली पाहिजे. नसेल तर मागचे तीन स्क्रू अगदी थोडे थोडे फिरव. एकदम आवळू नकोस.

आरशाला बोट लागू देऊ नकोस, धूळ बसली तरी पुसू नकोस. तू पाचवीत असताना माळ्यावर पिंप पालथं घालून मी तो घासत होतो आणि तू कार्बोरंडमच्या, म्हणजे काच घासायच्या, पुडीवर पाण्याचे थेंब सोडत होतीस. काचेवर काच घासत राहिलं की वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. सहा इंच रुंद आरशाच्या मध्यावर ती खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर आहे. माझं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. आमच्या मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता आला की काम बारीक समजायचं. आरशाचा आकार त्याच्याही शंभर पट बारकाईने साधावा लागतो, आणि तो साधतो हाताने, डांबराच्या थरावर पॉलिश करत करत. त्यावरचा अॅल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ आहे की रुमालाचा एक हात फिरला तरी कायमचे चरे पडतील.

रात्री दव पडेल. वेदगंगेच्या खोऱ्यात धुकंही लवकर धरतं, शिवाय गळीत हंगाम चालू आहे, कुणी पाचट पेटवलं तर धूर अंगावर येतो. दहाच्या आत आवरायच्या बेताने चाल. वापरात नसलेला आयपीस स्वेटरच्या खिशात ठेव, गरम राहिला की त्यावर दव धरत नाही. पोरं डोळा लावताना नेमकी त्यावर श्वास सोडतात. नाक बाजूला घ्यायला शिकव. हात पाठीमागे बांधायला लाव, नाहीतर नळीला धरून लटकतात. लहानांना एक डोळा मिटता येत नाही, त्यांना तळव्याने झाकू दे. सुरुवातीला चंद्र जवळजवळ डोक्यावर असेल, आयपीस उंच जाईल, तेव्हा पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एक भक्कम पाट हवाच. पंचवीस मिलिमीटरच्या आयपीसमध्ये गुरू मध्यावरून कडेला जायला दोनेक मिनिटं लागतात. दर दोन पोरांनंतर स्वतः डोळा लावून तो मध्यावर आणत जा. हे काम कुणावर सोपवू नकोस.

पटांगणासमोरचा दिवा दोन तास बंद ठेवायला ग्रामपंचायतीला आधीच सांगून ठेव. बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लाव. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती मिनिटं वाया जातात. मोबाइल वर्गात ठेवायला लाव, सरपंचांचासुद्धा.

रांगेत उभ्या असलेल्या पोरांना नुसत्या डोळ्यांनी पुष्कळ बघता येतं. मृग, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, बाणाच्या रेषेत खाली व्याध. व्याधाचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात. तिसरीतल्या पोराला सांग, तू जन्मलास त्या सुमारास निघालेला उजेड आत्ता तुझ्या डोळ्यात शिरला. मृगाच्या तेजोमेघाचा उजेड साडेतेराशे वर्षांपूर्वीचा, आपल्या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हाचा. नऊनंतर दक्षिणेला अगस्ती दाखव. व्याधाखालोखाल तेजस्वी तारा, पण लंडनवाल्यांच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही.

आणखी एक, ज्याला दुर्बीण लागत नाही. उद्यापासूनच पोरांना रोज शाळेच्या एकाच कोपऱ्यातून सूर्य कुठल्या झाडामागे मावळतो ते लिहायला लाव. ३१ तारखेपासून इथं अंबाबाईचा किरणोत्सव आहे, मावळतीची किरणं देवळात थेट मूर्तीपर्यंत जातात तो. पोरांना ठाऊक असेल की तो ९ नोव्हेंबरपासूनही असतो, पण वर्षातून दोनदाच का, हे विचार. २१ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे जायचा थांबतो आणि माघारी वळतो. नोव्हेंबरची तारीख त्याच्या सुमारे सहा आठवडे आधीची, जानेवारीची सुमारे सहा आठवडे नंतरची. म्हणजे जाताना आणि येताना तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो, आणि महाद्वारातून आलेली किरणं आत पोहोचतात. ज्याने तो हिशेब बसवून देऊळ बांधलं, त्यानेही कुठूनतरी असंच मावळतीकडे बघून ठेवलेलं असणार.

पोरं असे प्रश्न विचारतील की तुला उत्तर येणार नाही. ते फळ्यावर लिहून ठेव. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. गेल्या मे महिन्यात गेले. पोरं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून देतो. एवढा मोठा माणूस पोरांच्या प्रश्नासाठी वेळ काढत होता, हे तुझ्या पोरांना जरूर सांग.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. दिवसा दुर्बीण कुलपात. पोरं उत्साहाने ती उन्हात काढतील आणि सूर्याकडे वळवतील. एका क्षणात डोळा कायमचा जातो. आयपीसवर फिरवून बसवायचा सूर्याचा काळा फिल्टर कुणी आणून दिला तरी वापरायचा नाही, तो तापून तडकतो.

फेब्रुवारीतली अमावास्या १७ तारखेला आहे. शनिवारी १४ ला मी तुझ्याकडे येतो, तेव्हा मोठ्या पोरांना अंधाऱ्या आकाशात तेजोमेघ नीट दाखवू. २६ ला सगळं आवरलं की कितीही वाजले तरी फोन कर. किती पोरांनी ठिपके काढले आणि कुणाचं चित्र दुसऱ्यांदा बदललं, ते मला ऐकायचंय. वह्या टाकून देऊ नकोस, मी आलो की बघेन.

आईने घोंगड्याच्या घडीत तुझी कानटोपी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आहे.

तुझे,
बाबा