रंग उतरला म्हणजे लिग्निन पचले असे नव्हे

महोदय,

पेंढ्यापासून इंधन करण्याच्या बातम्यांत ‘लिग्निन खाणारे मातीतले जिवाणू’ हल्ली वरचेवर भेटतात. लिग्निन म्हणजे वनस्पतींना ताठपणा देणारा चिवट घटक; पेंढ्यातल्या सेल्युलोजपासून इंधन करायचे, तर तो आधी हटवावा लागतो. असे जिवाणू आहेत, यात वाद नाही. ऱ्होडोकोकस जोस्टी आरएचए१ या जिवाणूचे डायपबी हे विकर लिग्निनवर काम करते, हे वॉरिक विद्यापीठाच्या टिमोथी बग यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. पण ‘इतके टक्के विघटन’ हा आकडा कसा काढला, यावर बातमीत अवाक्षर नसते, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

रुळलेली पद्धत अशी: क्षारांच्या द्रावणात लिटरला एक ग्रॅम अल्कली लिग्निन (अल्कलीने वेगळे केलेले लिग्निन) घालायचे, दुसरे अन्न काही नाही. त्यात चिमूटभर माती टाकून ३० अंशांवर आठवडाभर शेकरवर ठेवायचे. मग त्यातला दहावा हिस्सा ताज्या द्रावणात, असे तीन-चार वेळा. तपकिरी रंग फिका झाला की २८० नॅनोमीटरवर प्रकाशाचे शोषण मोजून टक्केवारी मांडतात.

आता गंमत पाहा. हे लिग्निन अल्कलीत विरघळते, आम्लात नाही. वाढता वाढता जिवाणूंनी सामू (पीएच) खाली आणला की ते साका होऊन तळाशी बसते. थोडे पेशींनाच चिकटते. वरचे पाणी नितळ, पचले मात्र काहीच नाही! साक्यासकट सगळा नमुना सोडियम हायड्रॉक्साइडने १२ सामूवर आणून मोजावा; हरवलेले लिग्निन पुष्कळदा परत हजर होते. तुलनेसाठी मेलेल्या पेशींचा एक आणि जिवाणू न घातलेला एक, असे दोन फ्लास्क शेजारी हवेतच. शिवाय लिग्निनच्या पावडरीत उरलेली साखर असते, त्यामुळे नुसती वाढ हा पुरावा नव्हे. लिग्निन तोलून मोजण्याच्या क्लासन पद्धतीत चूक उलटी होते: ७२ टक्के गंधकाम्लाने उरलेला गाळ तोलताना जिवाणूंची प्रथिनेही ‘लिग्निन’ म्हणून मोजली जातात.

खरा पुरावा म्हणजे तुटलेले तुकडे हाती लागणे. अडचण ही की जिवाणू ते लगेच खाऊन टाकतो. म्हणून बग यांच्याच गटाने आरएचए१ मधला व्हॅनिलिन डिहायड्रोजनेजचा, म्हणजे व्हॅनिलिन हा लिग्निनचा तुकडा पुढे पचवणाऱ्या विकराचा, जनुक काढून टाकला. अडीच टक्के गव्हाचा पेंढा आणि ०.०५ टक्के ग्लुकोज एवढ्यावर वाढवल्यावर लिटरला ९६ मिलिग्रॅमपर्यंत व्हॅनिलिन साठले. आकडा लहान, पण पक्का.

इंधनासाठी आणखी एक गोष्ट विचारायला हवी: लिग्निन काढताना जिवाणूने सेल्युलोजमधली साखरही खाल्ली का? खाल्ली असेल, तर इथेनॉल कशाचे करणार? अशा बातमीत लिग्निन किती गेले याबरोबर सेल्युलोज किती उरले, हेही छापावे ही विनंती.

– सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अभ्यासक