सुमे, चिमी आता झोपत नाही

प्रिय सुमे,

मागच्या दिवाळीपासून तुला ना पत्र, ना फोन. रागावली असशील तर रागाव, पण आधी हे पूर्ण वाच. फोनवर बोलता येत नाही, घरात सगळे असतात, आणि तुझ्याशिवाय हे कोणाला सांगून कळणारही नाही. तब्येती ठीक. माझा गुडघा तसाच, मामंजींची शुगर तशीच.

भाऊजींचं तुझ्या आईकडून कळलं असेल. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी पऱ्हाटीवर फवारणी करून आले आणि ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. तोंडातून लाळ, अंग थरथरून राहिलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यवतमाळला पोचेपर्यंत गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या डोळ्यांपुढे सारखं 2017 चं साल येत होतं. फवारणीच्या विषानं त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात 20 हून जास्त माणसं गेली, आठवतं ना? अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी आले. वाचले, सुमे.

पण भाऊजी पडले त्याच्या आदल्या रात्री चिमी किंचाळून उठली होती. "आई, काका ओट्यावर पडला, त्याच्या तोंडात फेस आहे." मी पाणी पाजलं, थोपटून झोपवलं. सासूबाई शेजारच्याच खाटेवर, त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तेही ओट्यावरच. दवाखान्यातून घरी आल्या आल्या सासूबाईंनी हातपाय धुतले आणि आधी चिमीच्या कपाळाला कुंकू लावलं.

मला काय आठवलं असेल सांग बरं? 'मीडियम'! ती अमेरिकन मालिका, जिच्यातल्या ॲलिसनला घडणारं आधीच स्वप्नात दिसायचं. अमरावतीची आपली खोली, तुझ्या दादाचा तो तापणारा लॅपटॉप, पेन ड्राइव्हवरचे भाग. इंग्रजी सुधारावं म्हणून पाहायला लागलो आणि 130 च्या 130 भाग संपवले. दर भागाला ॲलिसन रात्री दचकून उठायची आणि शेजारी तिचा नवरा, जो, अर्धवट झोपेत विचारायचा, काय झालं. फीनिक्सचं ते रखरखीत ऊन पाहून तू म्हणायचीस, "हे तर आपलं अकोलंच हाय वं!" जो तुला मिळमिळीत वाटायचा. मी म्हणायचे, तो इंजिनिअर माणूस, हिशेबात न बसणारं सगळं घरात घेऊन राहतो, सकाळी तीन पोरींचा नाश्ता करतो, खरा तोच. त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. माझं मत अजून तेच आहे.

आता मला जोसारखंच बसून नीट विचार करायचा आहे. तू ऐक. त्या आठवड्यात भाऊजी रोज संध्याकाळी ओल्या शर्टानं यायचे आणि ओट्यावरच बसायचे. डोळे चोळायचे, डोकं दुखतं म्हणायचे, जेवण नको म्हणायचे. पंप गळत होता, पाठ भिजलेली असायची. आम्ही मोठी माणसं आपापल्या कामात. चिमी मात्र ओट्यावर बसून अभ्यास करते, तिनं सगळं पाहिलं. शाळेत त्यांना औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण शिकवला होता. तिला जे दिसलं ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं, पाहिलं तेवढं तिनंच. नऊ वर्षांच्या लेकराच्या मनात भीती साठली आणि रात्री स्वप्न होऊन बाहेर आली. मला हे शंभर टक्के पटतं. पण मी घरात हे सांगायला गेले की सासूबाई म्हणतात, "तू जास्त शिकली, म्हणून तुले दिसत नाई."

आणि माझ्या जिवाला लागलेलं वेगळंच. लाइन गेली की अंधारात मी चिमीला गोष्टी सांगते. ॲलिसनची गोष्टही मीच सांगितली. तिच्या मुलींनाही तसंच दिसायला लागतं, हेसुद्धा सांगितलं. चिमीनं तेव्हा विचारलं होतं, "आईला दिसत असलं तरच पोरीला दिसते का?" मी हसले होते.

तान्ह्या पोळ्याला तिनं लाकडी बैल सजवला, आंब्याच्या पानांचं तोरण केलं. दर वर्षीसारखी घरोघरी बोजारा मागायला गेली, मी मागे होते. खालच्या आळीतल्या म्हातारीनं दहाची नोट तिच्या हातात ठेवली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. चिमीच्या हातातली बैलाची दोरी सुटली. ती मागे वळून माझ्याकडे पाहत राहिली. सुमे, ती नजर मला रात्री झोपू देत नाही.

तेव्हापासून बाया येऊन राहिल्या. कोणाला पोराचं लग्न विचारायचं आहे, कोणाला बोअरला पाणी लागेल का ते. एक जण नारळ घेऊन आली. शाळेतले गुरुजी म्हणाले, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, वेळेवर थांबवा. मी थांबवायला तयार आहे, पण घरातच कोणाशी भांडू? ह्यांचं म्हणणं, चार दिवसांत लोक विसरतील. हे वाईट नाहीत गं, पण सख्खा भाऊ मरता मरता वाचला म्हणून त्यांनाही आतून वाटून राहिलं, असेल काहीतरी. नारळवाल्या बाईला मी दारातूनच परत पाठवलं. सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचाही जीव आहेच तिच्यावर. लेक गेला असता ह्या धसक्यातून त्या अजून बाहेर आल्या नाहीत.

परवा रात्री दोन वाजता पाहिलं तर चिमी खाटेवर उठून बसलेली. म्हणाली, "आई, मले कालही काही दिसलं नाई. त्या आजी उद्या येतील तर मी काय सांगू?" मी तिला कुशीत घेतलं. म्हटलं, काही सांगायचं नाही, तू चौथीतली पोरगी आहेस. ती म्हणाली, "मग बाबांचं मले आधी नाई दिसलं तर?" सुमे, हे पोरगं आता सगळ्या घराचा पहारा करत जागतं.

तिला मी 'मीडियम'चा शेवट सांगितलेला नाही. जो विमान अपघातात जातो. तो जिवंत आहे असं ॲलिसनला स्वप्नात दिसतं आणि ती त्यावर विश्वास ठेवते. मग 41 वर्षं त्याच्याशिवाय काढते. जिला सगळ्यांचं दिसायचं तिला स्वतःच्या घरचं वाचवता आलं नाही, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता. हे चिमीला कळलं तर डोक्यावरचं ओझं उतरेल की बापाच्या भीतीनं आणखी झोप उडेल? मला ठरवता येत नाही. मी स्वतः पाहायच्या आधीच तो शेवट तू मेसच्या रांगेत सांगून टाकला होतास. तो राग मी सोडला, जा. पण आता तूच ये आणि सांग, ह्यावेळी मी अडवणार नाही.

तुझी बदली झाली का? नव्या घराचं काय झालं? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? सगळं लिही.

दिवाळीच्या सुटीत चिमीला पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवू का? तुझ्या पोरांसोबत दिवसभर हुंदडेल, दमेल, झोपेल. तिथे तिला कोणी काही विचारणार नाही. ह्यांच्याशी मी बोलते. गळका पंप मी भंगारात दिला, हातमोजे आणि तोंडाला बांधायचा मास्क आणला आहे, भाऊजी कुरकुर करत का होईना, घालतात. हे चिमीनं पाहिलं, आणि त्या रात्री सलग पाच तास झोपली.

लवकर कळव.

तुझीच,
नंदा