निकालाची वाट पाहणाऱ्यांच्या आरोग्याविषयी खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांमधील नैराश्य

महोदय,

पुण्यातील सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्ता या परिसरातील अभ्यासिकांमध्ये बसणारी मुले-मुली माझ्याकडे बोलायला येतात. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे ओळखीतून ओळख निघत जाते. नापास झाल्यामुळे मुले खचतात, असा सर्वसाधारण समज आहे आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत माझाही तोच होता. पण नापास झालेला मुलगा महिनाभर दुःख करतो आणि बहुधा पुन्हा पुस्तक उघडतो. खचतात ती अधांतरी राहिलेली मुले : पूर्वपरीक्षा पुढे गेलेली, मुख्य परीक्षेचा निकाल लांबलेला, निवड होऊनही नियुक्तीचे पत्र हाती न आलेले.

जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनमधील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये आघात आणि नैराश्य यांचा संबंध मांडला. गंभीर आघात सोसणाऱ्या बहुतेकांना नैराश्य येत नाही, आणि मन मोकळे करावे असे जवळचे माणूस असणे हे मोठे संरक्षण ठरते, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनात त्यांनी आणखी एक बाब दाखवली : नुसत्या हानीपेक्षा जिच्यात अपमान आणि कोंडी असते, ती घटना माणसाला अधिक खोल ढकलते. हे वाचताना मला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारा, गावाकडून येणाऱ्या पैशांवर मेसचा डबा खाणारा, तिशीला टेकलेला उमेदवार दिसतो. त्याला परत जाता येत नाही, कारण जमीन गहाण टाकून त्याला पाठवलेले असते. पुढेही जाता येत नाही, कारण तारीख दुसऱ्याच्या हातात असते. दिवाळीला घरी गेल्यावर ‘यंदा तरी होईल ना?’ हा प्रश्न नको, म्हणून तो जाणेच टाळतो आणि जवळच्या माणसांचे ते संरक्षणही गमावून बसतो.

परीक्षांचे वेळापत्रक आपल्या खात्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २९ प्रमाणे मानसिक आजारांच्या प्रतिबंधाचे कार्यक्रम आखणे आणि राबवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि इथे ताणाचा एक मोठा स्रोत शासनाच्याच कारभारात आहे. २५ ऑगस्ट २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलली गेली. ती मागणी विद्यार्थ्यांचीच होती आणि रास्तही होती, कारण त्याच दिवशी दुसरी परीक्षा आली होती. पण तारखा एकमेकींवर येणार नाहीत हे आधी पाहणे कोणाचे काम होते? प्रत्येक टप्प्याची तारीख आधी जाहीर व्हावी आणि विलंब झाल्यास कारणासह नवी तारीख कळवली जावी, असे आपण सामान्य प्रशासन विभागाला आरोग्याचा प्रश्न म्हणून लिहावे.

उपचारांचे म्हणाल तर, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे दिसले. येरवड्याच्या मनोरुग्णालयावरून पुण्यात ‘येरवड्याला न्यायला हवं’ ही आजही थट्टा आहे. त्या शहरात या मुलांनी आपणहून मनोरुग्णालयाची पायरी चढावी, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो ऐकलेला असतो. तो प्रत्येक प्रवेशपत्रावर आणि निकालाच्या पानावर ठळक छापावा. त्याखेरीज अभ्यासिकांच्या जवळच्या एखाद्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात संध्याकाळी सात ते दहा या वेळेत प्रशिक्षित समुपदेशक बसवावा. दाराबाहेर ‘मनोविकार विभाग’ अशी पाटी नसली तरी चालेल. सकाळची वेळ मात्र ठेवू नये, कारण अभ्यासिकेतली जागा जाईल या भीतीने सकाळी कोणी जागेवरून उठणार नाही.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक शिक्षिका, पुणे