सूचना : दुसऱ्या विषयाच्या लॅबमध्ये इंटर्नशिप घेतलेल्यांसाठी

संगणक, गणित किंवा भौतिकशास्त्र शिकणारे जे सभासद जीवशास्त्राच्या लॅबमध्ये रुजू होणार आहेत, त्यांनी डेटाला हात घालण्याआधी पिपेट (थोडा द्रव अचूक मोजून घेण्या-सोडण्याचं साधन) धरायला शिकावं.

२०० मायक्रोलिटरची पिपेट २० ते २०० याच मर्यादेत वापरा. आकडा त्यापुढे फिरवला की कॅलिब्रेशन बिघडतं. द्रव घेताना बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखे घेतानाच पूर्ण दाबतात आणि द्रव जास्त ओढला जातो. सरावाला साधं पाणी पुरे: १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर साधारण ०.१ ग्रॅम भरायला हवं. १० वेळा मोजा. आकडे विखुरले तर अजून सराव हवा.

‘१०एक्स’ (म्हणजे दहापट तीव्र) बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, वापरण्याच्या तीव्रतेपर्यंत पातळ करायचा म्हणजे १ भाग बफर, ९ भाग पाणी. १० भाग नव्हे!

जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका. इम्पोर्ट करताना तो कॉलम ‘टेक्स्ट’ निवडा. ‘सेप्ट२’सारख्या नावांच्या नकळत तारखा होतात. याच त्रासापायी २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावं बदलली, पण जुन्या फाइलींत ती तशीच सापडतात.

प्रयोगांच्या नोंदींची वही पेनानेच लिहा, चूक एका रेषेने खोडा. सुरक्षा प्रशिक्षणाची तारीख आजच गाइडना विचारून ठेवा. ते झाल्याशिवाय बेंचवर काम करू नका.